दोर कुठे बांधायचा?

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, चाळीस वर्षं उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसत होते. कमरेला पट्टा, बसायला फळी, फळीला टांगलेली बादली आणि खाली पंधरा-वीस मजल्यांची पोकळी. पण घरातला बल्ब गेला, की स्टुलावर चढायची ती ताई आणि हे खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे! "मला गरगरतं," म्हणायचे. मी त्यांची धाकटी मेहुणी, त्यामुळे त्यांची टिंगल करणं हा माझा हक्कच. "भाऊजी, स्टुलासाठी एक दोर आणून देऊ का?" असं विचारलं, की शांतपणे म्हणायचे, "आण की. पण बांधणार कुठे, ते आधी सांग."

ही त्यांची सवयच. कुठल्याही खोलीत शिरले, की आधी नजर छताकडे. मी नवं घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी स्वयंपाकघर बघितलं, कपाटं उघडून पाहिली. भाऊजींनी गॅलरीचा कठडा दोनदा गदागदा हलवला आणि म्हणाले, "घर चांगलं आहे." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

त्यांची एकुलती एक लेक ढमी. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ढमी. आता काडीसारखी आहे, पण नाव काही सुटलं नाही. चांगली बसून करायची नोकरी होती, ती सोडून पोरीने बापाचंच काम धरलं. भाऊजी आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी तिचा दोर मागून घेतला, बाहेरच्या खोलीत फरशीवर पसरला आणि इंच न् इंच तळहातातून सरकवत तपासला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी हाच कार्यक्रम. आता तिच्या हाताखाली सहाजण आहेत आणि सहाहीजणांचे दोर रविवारी ताईच्या घरात असतात. पाहुण्यांनी पाय कुठे ठेवायचा ते ज्याचं त्याने बघावं.

मी स्वतः नगररचना समितीच्या कचेरीत आहे. सभांची टिपणं घेते. अठरा वर्षं लोकांचं बोलणं लिहून घेतेय आणि त्यातलं निम्मं कागद नासवण्याच्या लायकीचं नसतं, हे माझं प्रामाणिक मत आहे. आमच्यापुढे एक चाळीस मजली इमारत मंजुरीसाठी आली तेव्हा तर माझ्या मताला बळकटीच आली.

जागा जुन्या रस्त्यावर, आजूबाजूला दोन-तीन मजल्यांची दगडी घरं. इमारत धनवंतांसाठी, पण रूप म्हणे पारंपरिक. खालपासून वरपर्यंत कमानी, दगडी जाळ्या, भिंतीतून पुढे आलेले कोरीव दगडी आधार, म्हणजे तोडे, आणि डोक्यावर दीड मीटर पुढे आलेला दगडी छज्जा. समितीत सरळ दोन तट पडले. एका बाजूला इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक: रस्त्याची शान राखायची तर इमारत अशीच हवी, फक्त कमानीचं टोक चुकलंय. दुसऱ्या बाजूला समितीतली तरुण आर्किटेक्ट. ती म्हणाली, "चाळीस मजल्यांच्या धिप्पाड माणसाला आजोबांचा कोट घालताय. बटणं तरी लागतील का?" कमानीच्या टोकावर पावणेदोन तास गेले. दुसऱ्या सभेत दगडाच्या रंगावरून एका सभासदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगळं लिहीत होते.

तिसरी सभा नागरिकांसाठी खुली होती. भाऊजी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि दिवसभर ताईच्या मागे मागे फिरून तिचं डोकं खात होते. म्हटलं, या दोघं. निदान करमणूक होईल.

त्या दिवशी सकाळी ताईचा फोन. "अगं, माळ्याचं दार उघडलं आणि जुनी गादी माझ्या डोक्यावर! दाराला बांधलेला दोर कुणीतरी नेला."

"त्या दोराच्या तुकड्यावर कोण डल्ला मारणार?"

"तेच ना! तीस वर्षांचा जुना. मी किती वेळा फेकायला काढला, पण हे फेकू द्यायचे नाहीत."

"उंदरांनी नेला असेल," असं म्हणून मी फोन ठेवला.

सभेत दोघं शेवटच्या रांगेत बसले. पडद्यावर इमारतीचं मोठं चित्र होतं. प्राध्यापक बोलले, आर्किटेक्ट बोलली, बिल्डरचा आर्किटेक्ट दोघांना गोड गोड उत्तरं देत होता. भाऊजी मात्र मान तिरकी करून चित्राच्या वरच्या टोकाकडे बघत होते. मग त्यांनी हात वर केला. आता हे काय बोलणार?

"आपण काय करता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"काचा पुसायचो."

"विचारा."

"दोर कुठे बांधायचा?"

सभागृह खदखदून हसलं. बिल्डरच्या आर्किटेक्टने समजावलं, की दोर बांधायला गच्चीवर कड्या आणि लोखंडी हात बसवले तर पारंपरिक रूप बिघडतं, म्हणून ते गाळले आहेत. साफसफाईचं पुढे बघता येईल.

"काका, आजचा विषय रूपाचा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मी रूपाचंच बोलतोय बाई." भाऊजी उभे राहिले. "तुमच्या कमानी मला आवडल्या. खरंच आवडल्या. जुन्या इमारतींवर काम करायला मला बरं वाटायचं. पाय टेकायला पट्टी असायची, धरायला कोनाडा असायचा. ज्यांनी त्या बांधल्या, त्यांनी खिडकीतून हात काढून पुसता येईल एवढंच बाहेर काढलं. नंतर हे कोण पुसणार, ते त्यांना ठाऊक होतं. तुम्ही त्यांची कमान घेतलीत, जाळी घेतलीत. तेवढं एक घ्यायचं राहिलं."

आता कुणी हसत नव्हतं.

"हा छज्जा बघा. दोर गच्चीवरून येणार, तो या दगडाच्या कडेवर वाकणार. खालचं माणूस जरा हललं की वर दोर घासणार. या बिल्डरसाहेबांच्या सगळ्या इमारती माझीच मुलगी धुते. ही पण तिच्याकडेच येईल." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून हातभर दोर काढला. दोन्ही टोकांना धड, मध्ये पिंजून निघालेला. तिथे फक्त दोन पदर शिल्लक होते.

ताई ताडकन उठली. "अहो, हा तर आपल्या माळ्याचा दोर!"

परत हशा झाला. भाऊजींनी तो ओसरू दिला. मग अध्यक्षबाईंकडे नाही, पडद्याकडे नाही, ते ताईकडे वळले.

"मी अकराव्या मजल्यावर होतो," ते म्हणाले. "ढमी तेव्हा दोन वर्षांची होती. तेव्हा एकच दोर असायचा. आतल्या एका कारकुनाने खिडकी उघडून मला ओढून घेतलं. गुडघा फुटला तो तिथे. तुला जिन्यात पडलो म्हणून सांगितलं."

ताई खाली बसली. तीस वर्षं तिने त्या दोराने माळ्याचं दार बांधलं होतं, घट्ट बसत नाही म्हणून त्याला शिव्या घातल्या होत्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझं पेन थांबलं. माझ्या बहिणीचा चेहरा मला बघवत नव्हता आणि त्या माणसाची इतकी वर्षं टिंगल केल्याची मला लाज वाटली.

प्राध्यापकांना मी मनातून बरंच काही बोलले होते, पण त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. आधी उठले ते तेच. म्हणाले, जुन्या बांधकामात तोडा शोभेचा नव्हताच, भार घ्यायलाच असायचा; मग त्याला कामाला लावा. तरुण आर्किटेक्टने तिथल्या तिथे कागद ओढला. छज्जा आत घेतला, तोडे त्याच्याही पुढे काढले आणि प्रत्येक तोड्याच्या पोटात पोलादी कडी बसवली. म्हणजे दोर सरळ खाली लोंबणार, कशालाही न घासता. एका माणसाला दोन दोर, दोन कड्या. तीन सभांत पहिल्यांदा दोन्ही तटांचं एकमत झालं आणि दोघंही आपणच जिंकलो या थाटात घरी गेले.

ताई चार दिवस भाऊजींशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने माळ्याला कडी बसवून घेतली आणि तो दोर धुऊन, घडी करून आपल्या कपाटात ठेवला.

तीन वर्षांनी इमारत उभी राहिली. पहिल्या धुलाईच्या दिवशी आम्ही तिघं समोरच्या फुटपाथवर उभे होतो. आदल्या दिवशी भाऊजींनी वर जाऊन प्रत्येक कडी स्वतः ओढून बघितली होती. आणि आता ढमी कठडा ओलांडणार, तर यांची मान वर होईना.

"तू कशी बघायचीस गं?" त्यांनी ताईला विचारलं.

"मी कुठे बघायची? तुमची इमारत वाटेत असली, तर मी लांबच्या रस्त्याने जायची. संध्याकाळी दारात चपला काढल्याचा आवाज आला, की मग मला भूक लागायची. चाळीस वर्षं दुपारी जेवले नाही मी नीट."

भाऊजींना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी आपल्या चपलांकडे बघितलं.

"मला बघवत नाही," म्हणाले.

"मग मी बघते." ताईने कपाळावर हात धरला आणि मान वर केली. भाऊजींनी दोन्ही हातांनी तिचा दंड धरला, स्टूल धरायचे तस्सा.

"आली बाहेर," ताई म्हणाली. "तोड्याखाली आली. दोन्ही दोर सरळ आहेत. कुठे टेकलेले नाहीत."

"कितवा?"

"एकोणचाळीस... अडतीस... अहो, किती चटचट पुसते ही! तुमच्यासारखीच डावीकडून सुरुवात करते."

"तुला काय माहीत मी कुठून करायचो?"

"घरच्या खिडक्या कोण पुसतं? सदतीस."

छत्तिसाव्या मजल्यावरून ढमीने हात हलवला, असं ताई म्हणाली. भाऊजींनी मान खाली ठेवूनच एक हात वर केला.