गोधडीतले उलटे तुकडे

विद्यापीठाच्या आरोग्य पाहणीसाठी मी पाड्यावरच्या म्हाताऱ्या सुईणीकडे, सोनूमावशीकडे गेले होते. फॉर्मवर प्रश्न होता, आजवर किती बाळंतपणं केली?

"मोजायला मी काय मास्तरीण आहे?" हसत तिने आतून गोधडी आणून पसरली. तिच्या हातांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या दुपट्याचा तुकडा तिने त्यात शिवला होता.

मी मोजू लागले. काही तुकडे उलटे होते, फिकी बाजू वर आलेले.

"हे चुकून झालं का, मावशी?"

"नाही गं पोरी. ती जगली नाहीत. बारशाआधीच गेली, नावंसुद्धा नाहीत त्यांना. तू मोजणीत धरशील ना त्यांना?"

फॉर्मवर फक्त एका आकड्याची चौकट होती. मीही घरीच, एका सुईणीच्या हातांत जन्मले. तिने अशी गोधडी शिवली असती, तर माझा तुकडा सुलटा असता. मी जगले, शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले.

मी समासात लिहायला घेतलं. मावशी एकेका उलट्या तुकड्याचा खरा रंग आठवून सांगत गेली. निळा. हळदी. फुलाफुलांचा. तिला वाचता येत नव्हतं, तरी माझं लिहून होईपर्यंत ती त्या तुकड्यावरचं बोट उचलत नव्हती.