कपाटाच्या तळाचा शिक्का

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणायची, "तुमच्या नाकावर माशी बसली तं तिच्यावरबी रंधा मारसान." ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. चंद्रपुरात माझी सुतारकी जोरात होती. दारं, चौकटी, पाळणे, शाळेची बाकं, सगळं करत होतो. पण ज्याच्यासमोर मी स्वतःच उभा राहून पाहत बसलो असं काम एकच झालं. काचेच्या दारांचं एक कपाट. त्याबद्दल मी आजही बढाई मारतो, आणि मारणारच.

ते सांगायला आल्या होत्या गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या एक सिस्टरबाई. माहेर माजरीचं, वडील कोळशाच्या खाणीत होते. आता रिटायर होऊन लेकीजवळ क्वार्टरात राहत होते. खाणीतल्या त्या माणसानं दर वर्षी दीक्षाभूमीवर जाऊन पिशवीभर पुस्तकं आणली होती. वर्षानुवर्षं. ती सगळी दोन पत्र्याच्या ट्रंकांत, खाटेखाली.

"मंग साधं कपाट करा न बाई," मी म्हटलं. "काचेचं कायले? फुटते, धूळ दिसते."

"नाई भाऊ, काचच पाह्यजे. बाबाले आता वाचता येत नाई, डोळे गेले म्हना न. पन पुस्तक कोनतं हाय ते रंगावरून बरोबर सांगते. खाटेवर पडल्या पडल्या दिसली पाह्यजेत त्याईले. आमच्या घरची पुस्तकं जलमभर खाटेखालीच राह्यली."

हे ऐकल्यावर मी कागद काढला आणि तिथेच चित्र काढून दिलं. आपल्या हातून हे काम असं झालं पाहिजे, की म्हाताऱ्यानं पुस्तकं पाहता पाहता कपाटही पाहावं, असं मनात धरलं.

लाकूड मी एकाच ओंडक्याचं घ्यायचं ठरवलं. जंगल खात्याच्या लिलावातला सागवानाचा एक ओंडका एका लाकूडवाल्याकडे पडून होता. त्याच्या एका टोकाला खात्याचा शिक्का होता. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लिलावातल्या प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर लोखंडी हातोड्यानं खूण आणि नंबर ठोकलेला असतो, आणि तोच नंबर पावतीवर. पावती मी घेतली, घडी करून खिशात ठेवली. आरामशीनवर गेल्यावर आधी ते शिक्क्याचं टोक वीतभर कापून बाजूला टाकलं, कारण ते थोडं फाटलं होतं. मग उरलेल्याच्या फळ्या पाडल्या.

फळ्या पडल्या तेव्हा आतून एक काळी रेघ निघाली. बारीक, पण लांबच्या लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झाड लहान असताना कधीतरी वणवा लागला असणार, बुंध्याला आग चाटून गेली असणार, आणि झाडानं तो डाग पोटात घेऊन वर लाकूड चढवलं. मशीनवाला म्हणाला, "हे फळी मांगं लावा, दिसते खराब." अरे, खराब कशाची! शेजारशेजारच्या दोन फळ्यांत ती रेघ होती. मी त्या दोन्ही फळ्या कपाटाच्या दोन बाजूंना लावल्या, समोरासमोर. पॉलिश झाल्यावर ती रेघ डोळ्यांत काजळ घातल्यासारखी दिसायला लागली.

काचेच्या दारांनी मात्र घाम काढला. दोन दारं, एकेका दारात तीन-तीन काचा. काच घट्ट बसवायची नसते, हे मला हाताखालून गेलेल्या दारांनी शिकवलं होतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, काचेला दाबतं, आणि मग एखाद्या दुपारी कोणी हात न लावता तडा जातो. म्हणून चहूबाजूंनी अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जागा सोडली, वरून बारीक पट्टी मारली, आणि पट्टीचे खिळे इतके बारीक, की शोधावे लागतील. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश अकरा हात दिलं. दार बोटानं ढकललं की हळूच जाऊन बसायचं.

आणि शिक्का? त्याचं मला कधीच काही वाटलं नव्हतं. बाकीचे सुतार एखाद्या मागच्या फळीच्या टोकावर शिक्का तसाच ठेवायचे. मला ते बघवायचं नाही. माझ्या हातून गेलेल्या लाकडावर दुसऱ्याची खूण कशाला? कापून टाकायचा, नाहीतर रंधा मारायचा, ही माझी खोडच होती. माझं सगळं काम चंद्रपुरातल्या चंद्रपुरात जायचं, त्यामुळे कधी कोणी विचारलंही नाही.

दिवाळीनंतर सिस्टरबाई स्वतः कपाट न्यायला आल्या. दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. नुसत्या हसत होत्या. मी मनातल्या मनात फुगलो. दारं काढून गोधडीत गुंडाळली, मेटॅडोरमध्ये धानाची तणस पसरली, तिच्यावर कपाट आडवं ठेवलं, वरूनही तणस टाकली, आणि सकाळीच निघालो. मी, बाई आणि ड्रायव्हर.

चंद्रपूर सोडलं की जंगल लागतं ते मूल गावापर्यंत. त्या जंगलातच जंगल खात्याचा नाका होता. आडवा बांबू, बाजूला खोली. नाकेदार वयस्कर होता, जंगलातल्याच गावचा, बारीक, शांत. त्यानं तणस बाजूला केली आणि कपाटावर हात फिरवला.

"सागवान होय."

"सागवानच होय," मी म्हटलं, "अन् पावतीबी हाय." मोठ्या तोऱ्यात पावती काढून दिली.

त्यानं पावती वाचली. कपाट वरून पाहिलं, खालून पाहिलं, पाठीमागून पाहिलं. "पावतीवर नंबर हाय. लाकडावर कुठी हाय?"

"कापला."

"काऊन कापला?"

"काऊन म्हंजे? एवढ्या कपाटावर शिक्का ठेवू काय? रंधा मारला, पॉलिश केलं, सुतार हाय मी!"

"शिक्का नाई तं हे पावती याच लाकडाची कशावरून?" तो तितक्याच शांतपणे म्हणाला. "अशा पावत्या लय येते इथी. एका पावतीवर दहा झाडं जाते. हे चोरीचं नाई कशावरून?"

चोरीचं! माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. मी काय काय बोललो ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. ड्रायव्हर माझा हात धरून मागे ओढत होता. नाकेदार ऐकून घेत होता आणि म्हणत होता, "उतरवा. चौकशी होईस्तोवर कपाट इथीच राहीन."

इथे म्हणजे खोलीमागच्या उघड्या अंगणात. तिथे आधीच पकडलेली लाकडं उन्हापावसात काळी पडून होती.

पण मला खरं लागलं ते दुसरंच. मी वळून सिस्टरबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या पाहण्यात एक प्रश्न होता. नाही म्हणू नका, होता. भाऊ, खरंच तं नाई न? बाबांची पुस्तकं चोरीच्या कपाटात ठेवायची काय? त्या एका नजरेनं माझा सगळा राग खाली बसला. महिनाभर राबून केलेलं काम समोर पडलं होतं, आणि ते माझं खरं काम आहे हे सांगायला माझ्याजवळ तोंडाशिवाय काही नव्हतं.

मग मला तो कापलेला ठोकळा आठवला. आरामशीनवरून मी तो चुलीसाठी म्हणून घरी आणला होता. बायकोनं तो चुलीत घातला नव्हता. पाण्याच्या रांजणाखाली ठेवला होता, कलंडणारा रांजण सरळ राहावा म्हणून. त्यावरून मी तिच्यावर ओरडलोही होतो, "सागवान काय रांजणाखाली घालाची चीज होय?" तिनं ऐकलं नव्हतं. देवा, अजूनही तिनं ऐकलेलं नसू दे.

"दुपारपर्यंत थांबा," मी नाकेदाराला म्हटलं. "शिक्का घेऊन येतो."

समोरून चंद्रपूरला जाणारी एसटी आली ती हात करून थांबवली. सिस्टरबाई काचेच्या दारांजवळ तणशीवर बसून राहिल्या.

घरी पोहोचलो ते धापा टाकतच. रांजण जागेवर होता. ठोकळाही होता. मी रांजण उचलायला गेलो, अर्धं पाणी अंगावर घेतलं.

बायको कंबरेवर हात ठेवून उभी. "आता नेता न? मंग त्या दिवशी मले येवढं बोलले काऊन?"

"माफ कर माय, आल्यावर बोल काय बोलाचं ते!"

"रांजन कशावर ठेवू मी?"

"माह्या डोक्यावर ठेव!" म्हणालो आणि पळालो.

नाक्यावर परत आलो तेव्हा दुपार कलली होती. नाकेदारानं ठोकळा हातात घेतला. शिक्का खालच्या बाजूला होता म्हणून शाबूत होता. त्यानं चिखल पुसला, नंबर पावतीशी लावून पाहिला. नंबर तोच. मी मोठ्यानं श्वास सोडला.

"ठोकळा पावतीचा होय," तो म्हणाला. "पन कपाट या ठोकळ्याचं हाय काय?"

आता मला राग आला नाही. उलट मी हसलो, कारण याचं उत्तर माझ्या कपाटातच होतं. आम्ही कपाट उलटं केलं. कपाटाच्या तळाला पॉलिश नसतं. बाजूच्या दोन्ही फळ्या सरळ जमिनीपर्यंत नेल्या होत्या, त्यांची कापलेली टोकं कोरी, लाकडाच्या रेषा उघड्या. दोन्ही टोकांवर तो काळा डाग चंद्रकोरीसारखा वाकलेला. ठोकळ्याच्या शिक्क्यामागच्या अंगावरही तशीच काळी कोर.

त्यानं ठोकळा फळीच्या टोकाला लावला. जुळेना. डाग एक सूत पुढे जात होता. सिस्टरबाई उठून जवळ आल्या. नाकेदारानं ठोकळा नाकाशी नेला, वास घेतला, नखानं दाबून पाहिला.

"पान्यात होता काय हा?"

"रांजनाखाली," मी म्हटलं. "महिनाभर."

"पानी पेला हाय यानं. फुगला." त्यानं ठोकळा पुन्हा लावला, या खेपेला कडेनं नाही, मधल्या रेषांवरून. आणि बोटानं एकेक रेघ मोजत गेला. जाड, जाड, बारीक, जाड, मग काळी कोर, मग पुन्हा बारीक. फळीवरही तसंच. एवढ्या शांतपणे मोजत होता की ड्रायव्हरही बिडी विझवून वाकला.

"वनवा चाटून गेला होता याले," तो शेवटी म्हणाला. "लहान होतं तवा. हा ठोकळा त्याचंच डोकसं होय." मग उभा राहून सिस्टरबाईंकडे वळला, माझ्याकडे नाही. "बाई, माल खरा हाय. मी चोरीचा म्हनलो, ते माहं चुकलं. सुतारबी चांगला हाय. नाईतं एवढी रेघ कोनी सामोर लावत नाई."

सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. या खेपेला डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही, काय लपवायचं.

"पन शिक्क्याबिगर सोडता येत नाई," नाकेदार म्हणाला आणि खोलीतून पासिंगचा, म्हणजे तपासून सोडलेल्या मालावर मारायचा, नंबर कोरलेला हातोडा घेऊन आला. माझ्या नव्या कपाटावर हातोडा! मी डोळे मिटले. तर त्यानं तो माझ्याच हातात दिला. "तुमी मारा. तुमचं काम होय. माहा हात गेला वाकडा तं पुन्हा माह्यावर वरडसान."

मी तळाची रुंद पट्टी निवडली. खाली गोधडी घातली, एकदा हात तोलून पाहिला, आणि मारला. एकच घाव. जन्मभर शिक्के पुसत आलेल्या माणसानं आपल्या सगळ्यात चांगल्या कामावर आपल्या हातानं शिक्का मारला. छाती भरून आली, खोटं कशाला सांगू. ठोकळा नाकेदारानं कागदाबरोबर ठेवून घेतला.

गडचिरोलीला दिवे लागणीला पोहोचलो. दारं चढवली, सिस्टरबाईंनी ट्रंकांतली पुस्तकं काढून एकेक लावली. म्हातारे खाटेवर बसून सांगत होते, "निळं वर. तांबडं त्याच्या बाजूला." सगळी लागल्यावर काचेची दारं ढकलली. हळूच जाऊन बसली. म्हातारे कितीतरी वेळ बघत राहिले. मग लेकीनं त्यांना नाक्यावरची सगळी हकिगत सांगितली, चोरीच्या त्या शब्दासकट, आणि हेही की मधे तिचं मन जरा हललं होतं. मी खाली मान घालून चहा पीत होतो.

"शिक्का कुठी हाय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"तळाले हाय बाबा," मी म्हटलं. "आता नाई दिसत. पुस्तकं भरली न."

"काढा पुस्तकं."

"बाबा!" सिस्टरबाई म्हणाल्या.

"काढ म्हनतो न."

काढली. तिथल्या तिथे सगळी पुस्तकं पुन्हा खाटेवर आली, दारं उतरवली, कपाट गोधडीवर आडवं झालं. म्हातारे कोणाचा हात न धरता जमिनीवर बसले आणि पट्टीवर हात फिरवत फिरवत शिक्क्यापर्यंत आले. खाणीतलं जाड झालेलं बोट त्या खाचेत गेलं, नंबरवरून सावकाश फिरलं, मग कडेपासूनचं अंतर वितीनं मापून पाहिलं, इकडून आणि तिकडून.

"बरोबर मधात मारला हाय," ते म्हणाले. "हात खरा हाय." आणि लेकीकडे तोंड करून म्हणाले, "लाव आता पुस्तकं."