काळी तबकडी, एक नग

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो पंचनामे केले. त्यातला एकच आजही शब्द न् शब्द आठवतो, कारण तो अपुरा होता आणि चूक माझी होती. नावं कोणाचीच देत नाही. माणसं याच जिल्ह्यात राहतात.

तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी हजेरी संपत असतानाच एक निवृत्त प्राध्यापक फिर्याद द्यायला आले. वय अडुसष्ट, पत्नी वारलेली, मुलगी पुण्याला. घरातून एक ग्रामोफोन रेकॉर्ड चोरीला गेली होती. रिकामं कव्हर त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. कव्हरवर ट्रम्पेट धरलेला एक अमेरिकन माणूस होता. किंमत त्यांनी अठ्ठावीस हजार सांगितली.

आमचे हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, तव्याएवढ्या तबकडीचे अठ्ठावीस हजार? पोळ्या भाजते का थे?"

प्राध्यापकांनी ऐकलं आणि रागावले. मग त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं. जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. ठरलेली चाल धरून प्रत्येक वादक त्यात आपलं काही तरी त्या क्षणी वाजवतो. जुन्या रेकॉर्डची पहिली छपाई कमी निघते. पुढे तीच रेकॉर्ड कंपन्या पुन्हा छापतात, कव्हर आणि लेबल हुबेहूब तसंच. त्याला रीइश्यू म्हणतात. त्यांची पहिल्या छपाईची होती.

मी फिर्याद लिहून घेतली. सही करताना त्यांची सही ओळ सोडून खाली उतरली. माझ्या ते लक्षात आलं होतं. विचारलं नाही.

प्राध्यापकांच्या माडीवर दर रविवारी चार ते सहा पाच शौकीन जमत. त्यांपैकी एक मेडिकल दुकानदार. जबाबाला बोलावलं तेव्हा त्यांनी त्यांच्या एका खेळाबद्दल सांगितलं. ज्याची पाळी असेल त्याने एक तबकडी भलत्याच कव्हरमध्ये घालून आणायची, न दाखवता वाजवायची. बाकीच्यांनी कानाने ओळखायचं : वादक कोण, आणि छपाई पहिली की रीइश्यू. यावरून भांडणं इतकी व्हायची की चहा गार व्हायचा. हे मी ऐकलं, पण तपासाशी संबंध नाही म्हणून जबाबात घेतलं नाही.

जाता जाता दुकानदार दारात थांबले. "साहेब, माह्यं नाव येऊ देऊ नका. पण बँडमास्तरच्या घरी मी हेच कव्हर पाह्यलं. मले पाह्यल्याबरोबर त्यानं चादर टाकली त्याच्यावर."

बँडमास्तर त्या पाचांतलाच. मुसलमान वस्तीत राहणारा, बावन्न वर्षांचा, स्वतः ट्रम्पेट वाजवणारा. चौदा माणसांचा त्याचा बँड होता आणि लग्नाचे तीन महिने हीच त्या चौदा घरांची कमाई. त्या ट्रम्पेटपायीच त्याला जॅझचा नाद लागला होता.

दोन पंच घेऊन मी त्याच्या घरी गेलो. ट्रंकेत, बँडच्या लाल कोटाखाली, टॉवेलात गुंडाळलेली तबकडी निघाली. तेच कव्हर, तेच लेबल.

"कोणाची?" मी विचारलं.

"ठेव हाये साहेब, एका पाव्हण्याची."

"पाहुण्याचं नाव?"

त्याला नाव सांगता आलं नाही. माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपलं. पंचनाम्यात मी लिहिलं : 'काळ्या रंगाची गोल तबकडी, लेबलासह, एक नग.'

ठाण्यात आणल्यावर अर्ध्या तासात त्याने जबाब बदलला. नागपूरच्या एका जुन्या सामानवाल्याकडून दोन महिन्यांपूर्वी घेतली म्हणाला. पावती नव्हती.

"मग पाहुण्याची म्हणून खोटं का बोलला?"

त्याने मान खाली घातली. "शरम वाटली साहेब. रीइश्यू हाये थे. दर रविवारी मीच छाती ठोकून सांगो, रीइश्यू म्हणजे झेरॉक्स, माह्या घरात येणार नाई. पण त्याच्यातला ट्रम्पेट मले घोकाचा होता. असली घ्याची आपली ऐपत नाई. मंग घेतली, अन् लपवून ठेवली."

हवालदार हसले. मीही हसलो. दारू लपवणारे, सोनं लपवणारे पाहिले होते. नवी छपाई घेतली म्हणून लाजणारा आरोपी मला खरा वाटला नाही.

ओळख पटवायला प्राध्यापकांना बोलावलं. बँडमास्तर उठून उभा राहिला. "सर, भिंगाची काच घ्या अन् नंबर वाचा. लेबलच्या भोवती मोकळी जागा असते, तिथं कोरलेला. तुमचा नंबर त तुमाले पाठ हाये."

"मला शिकवता मास्तर? माझी वस्तू मला कळते."

त्यांनी तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाले, "हीच."

"सर, वाचा तरी!"

"हीच म्हणतो ना!"

चोरीची मोटारसायकल सापडली की मी गुडघ्यावर बसून चेसिस नंबर वाचायचो, शिपायाच्या वाचण्यावर विश्वास ठेवत नसे. मोबाईलचा पंधरा आकडी नंबर दोनदा पडताळायचो. इथे आरोपीच मला नंबर कुठे आहे ते दाखवत होता. ठाण्यात ठसे पाहायची काच होती. दोन मिनिटांचं काम. पण फिर्यादी प्राध्यापक, त्यांनी माल ओळखला होता, आणि आरोपी एकदा खोटं बोललेला होता. तबकडी मालखान्यात जमा झाली.

मी त्याला अटक केली नाही, आणि ही आपली सौम्य वागणूक असं तेव्हा समजत होतो. चौकशीसाठी दोन दिवस सकाळी दहाला बोलावून व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं, पाच वाजता सोडलं. आमच्या ठाण्यासमोर रस्त्यापलीकडे जीपांचा थांबा. आसेगावकडची माणसं तिथेच उतरायची.

आठवड्याने तो आपण होऊन आला. "साहेब, नऊ लग्नाइच्या सुपाऱ्या होत्या. सहा मोडल्या. आसेगावचा नवरीचा बाप म्हणते, घरात दागिने राह्यते, तुले कायले अंगणात उभं करू?"

"कोर्टात काय ते ठरेल," मी म्हणालो. त्या वेळी एवढंच सुचलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापक ठाण्यात आले. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पिशवीतून त्यांनी एक कव्हर काढलं, घरबसल्या इंग्रजी शिकवणाऱ्या जुन्या रेकॉर्डचं. आत त्यांची तबकडी होती.

"खेळाची पुढची पाळी माझी होती," ते म्हणाले. "मीच यात घालून ठेवली. मध्ये आठ दिवस तापाने पडलो आणि साफ विसरलो. काल दिसायला लागलं म्हणून कपाट लावत होतो."

"त्या दिवशी इथे नंबर वाचला होता?"

"दिसतच नव्हता."

"मग 'हीच' का म्हणालात?"

"वीस वर्षं मी त्या लोकांना नंबर वाचून दाखवतोय. दिसत नाही असं मास्तरांसमोर म्हणवलं नाही मला."

मी मालखान्यातून दुसरी तबकडी मागवली आणि काच घेऊन दोन्ही नंबर स्वतः वाचले. पहिले तीन आकडे सोडले तर एकही जुळत नव्हता. बँडमास्तरचा शब्द न् शब्द खरा होता. आणि पत्र्याच्या छपराखाली, जप्त केलेल्या दारूच्या कॅनच्या आधाराला तिरपी ठेवलेली ती तबकडी विदर्भाच्या उन्हाने वाकली होती.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टात क समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली. कोर्टाचा आदेश आल्यावर माल परत घ्यायला बँडमास्तरला बोलावलं. प्राध्यापकही आले. बँडमास्तरने तबकडी डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली.

"बशी झाली हिची," तो म्हणाला, आणि पोचपावतीवर सही केली.

प्राध्यापकांनी आपली तबकडी त्याच्यापुढे धरली. "मास्तर, ही घ्या. माफ करा मला."

"नाई सर. तुमची चीज तुमच्यापाशीच राहू द्या. तुमच्या डोयाले आराम पडला, बरं झालं."

"रविवारी येता ना?"

"आता नाई जमणार सर."

त्या माडीवरची बैठक महिन्याभरात बंद पडल्याचं पुढे दुकानदाराकडून कळलं. बँडमधली पाच माणसं मजुरीला पुण्याकडे गेली. उरलेल्या नऊ जणांवर त्याने पुढचा हंगाम काढला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते साधं आहे. माणूस खोटं बोलतो तेव्हा तो गुन्हाच लपवत असतो असं नाही. कधी तो फक्त आपली लाज झाकतो, आणि प्रतिष्ठित फिर्यादीलाही तशीच लाज असते. मी एकाची लाज गुन्हा मानली आणि दुसऱ्याची पुरावा. त्यानंतर चौकशीला बोलावलेल्या कोणालाही मी व्हरांड्यात बसवलं नाही. त्याचा फायदा पुढच्यांना झाला.

माल परत दिला त्या दिवशी मी बँडमास्तरला ठाण्याच्या शिक्क्याचा दाखला तयार करून दिला होता : सदर इसमाचा या गुन्ह्याशी कोणताही संबंध नाही. वाटलं, एवढ्याने त्याची भरपाई होईल. त्याने तो उभ्यानेच दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या टेबलावर परत ठेवला.

"साहेब, बाकावर बसवलं तवा मले सगळ्याइनं फुकट पाह्यलं," तो म्हणाला. "हा कागद घेऊन मी कोणाकोणाच्या दारात जाऊ?"

मी दाखला परत घेतला. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.