चाळिसाव्या दिवशी उघडलेलं पेव

जमिनीतल्या पेवातून दोरीने ओढून काढलेल्या त्या बाईचे निळे पडलेले ओठ मी विसरलेले नाही. तिला मातीवर उताणी टाकली होती. एक म्हातारी तिच्या तोंडावर पाणी मारत होती. दुसरी बाई अजून पेवातच होती आणि हाकेला ओ देत नव्हती. तिचा दीर कमरेला पंचा आवळून पेवात पाय सोडून बसला होता.

मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. ऐकेना, तेव्हा कानाखाली वाजवली.

"बाई, माझी भावजय हाय खाली!"

"मग तू उतरलास की तुम्ही दोघं खाली. तुला कोण काढणार? बस तिकडं."

एका बादलीत दिवा ठेवून ती दोरीने आत सोडायला लावली. हातभर खाली गेली आणि दिवा विझला. आत हवा नव्हती, जीव घेणारा वायू होता. लिंबाचे मोठे डहाळे तोडून दोरीला बांधले आणि गड्यांना खालीवर, खालीवर करायला लावले, म्हणजे आतली हवा हलते. तिसऱ्यांदा दिवा सोडला तेव्हा तो तळापर्यंत जळत राहिला. मग एक गडी दोरी बांधून उतरला आणि त्या बाईला वर आणलं. ती गेलेली होती.

मी तेव्हा पाथर्डी तालुक्यात तिसगावच्या बाजूला नेमणुकीला होते. हवालदार होते. नवरा पोलीस खात्यात होता, तो वारल्यावर त्याच्या जागी लागले. शिक्षण सातवी. जबाब लिहिताना साहेब माझ्या शुद्धलेखनाला हसायचे, पण बायकांचे जबाब माझ्याकडेच यायचे.

त्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला होता. फोन करणारा म्हणाला, "वस्तीवर बायांनी पेवाची पूजा मांडलीय. एक बाई आत घातलीय. नरबळी हाय." आणि फोन ठेवला. मी आणि एक शिपाई मोटारसायकलवर निघालो, साहेब जीपने मागून आले. पोचलो तेव्हा पेवाच्या तोंडाशी खरंच हळदकुंकू, नारळ, लिंबू होतं. गर्दीला तेवढं पुरलं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत रांजणासारखं पोट, दोन पुरुष खोल. आता कुणी वापरत नाही. हे पेव त्या मेलेल्या बाईच्या सासरचं होतं आणि कित्येक वर्षं शिळेखाली बंद होतं. तळाला जुना भुसा कुजलेला होता.

मेलेली बाई ही वस्तीवरच्या बायकांच्या गटाची प्रमुख. तिला सगळ्या ताई म्हणायच्या. गटात अकरा बाया. दर गुरुवारी एक निवृत्त गुरुजी त्यांचा वर्ग घ्यायचे. विषय एकच, श्रीमंत कसं व्हायचं. मनात आधी श्रीमंत व्हा, विश्वास ठेवा, आणि मग हात हलवा. फी घेत नसत, चहा घेत. सुगीत बाजरी घेऊन ठेवायची आणि पावसाळ्यात पीठ करून नगरच्या दुकानांना द्यायची, असं बायांनी ठरवलं होतं. मागच्या वर्षी थोडी बाजरी घरात साठवून केलं होतं आणि जमलं होतं. ह्या वर्षी जास्त घेतली, म्हणून जुनं पेव उघडलं.

तिथे आलेल्या गुरुजींना गर्दीने घेरलं. "ह्यानंच मंत्र दिला," असं कुणीतरी ओरडलं आणि दगड उचलले गेले. साहेबांनी त्यांना जीपमध्ये घातलं. अटक नव्हती, पण लोकांना अटक वाटावी असं वागलो, नाहीतर ते तिथेच मेले असते. निळ्या ओठांच्या बाईला तिच्या नवऱ्याने टेम्पोतून नगरच्या दवाखान्यात नेलं. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. तोंडावर पाणी मारणारी म्हातारी तिची सासू. ती टेम्पोत चढली नाही.

साहेबांनी हे पाहिलं. मला म्हणाले, "सासू बरोबर का गेली नाही? दोघींचं पटत नव्हतं असं लोक सांगतात. तिनंच ढकललं असेल."

दुपारी गटातल्या उरलेल्या नऊ बायांना ठाण्यात बसवलं, त्यांत ती सासूही होती. प्रत्येकीचा जबाब सारखा. पूजा केली, चांगलं झालं. सून उतरली, चांगलं झालं. ताई मागून उतरल्या, चांगलं होणार हाय. ताईचं प्रेत शवविच्छेदनाला गेलं होतं आणि एक बाई मला सांगत होती, "ताई बऱ्या व्हनार हायेत."

साहेब बाहेर येऊन म्हणाले, "पढवून आणलंय यांना. गुरुजीवर गुन्हा दाखल करतो. सासूलाही आत घ्या."

मी म्हटलं, "साहेब, चहापाणी होऊ द्या. मग बघू."

पंचवीस वर्षं जबाब घेताना मला एक कळलं होतं. पढवलेला माणूस डोळे चुकवतो किंवा फार रोखून बघतो. ह्या बाया तसं काही करत नव्हत्या. त्या बोलताना मधेच थांबत होत्या. शब्द तोंडात यायचा आणि गिळायच्या. कोणता शब्द, ते कळत नव्हतं.

मी एकीला सहज विचारलं, "सकाळपासनं काही खाल्लंस का गं?"

ती थांबली. मग म्हणाली, "जेवनार हाय."

"खाल्लंस का, ते विचारलं."

"पोट भरनार हाय, बाई."

दुसरीला विचारलं, "तुझा नवरा बाहेर आलाय का?" बाहेर कुणी आलं नव्हतं, हे तिला खिडकीतून दिसत होतं. ती म्हणाली, "येतील की."

नऊ बायांनी सकाळपासून एकदाही 'न्हाई' म्हटलं नव्हतं.

मी सासूला वेगळ्या खोलीत घेतलं. दार लावलं. तिच्यासमोर चहा ठेवला.

"मावशी, न्हाई म्हणायचं न्हाई, असा नेम केलाय का तुम्ही?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"किती दिवसांचा?"

"एक्केचाळीस."

"आज कितवा?"

"चाळिसावा."

"आणि मधी कुणी वाईट बोललं तर?"

म्हातारीने चहा बशीत ओतला. "तर सगळ्यांचे दिस पुन्यांदा पयल्यापासनं. एकीचं मोडलं की अकराजनींचं मोडलं."

"कुणी मोडलं होतं का?"

"मीच. दोनदा. अकराव्या दिसाला म्हनाले, बाजरीला कीड लागंल, कडुलिंबाचा पाला घाला. तर झालं, कीड म्हनाले! मग परत तेविसाव्याला म्हनाले, पोतं फाटकं हाय. सून म्हनली, आत्याबाई, तुमचं तोंड हाय का तांबडी मुंगी? सगळ्याजनी हसल्या. आमच्या आत्याबाईंनी तोंड उघडलं की गटाचं दिवाळं, म्हनायच्या."

"आज काय झालं?"

तिने बशीतला चहा पुरता संपवला. मी घाई केली नाही. जबाबात गप्प बसणं हे निम्मं काम असतं.

"माझ्या माहेरी चार पेवं हुती," ती म्हणाली. "आमचा बा शिळा काढायचा आन् दिसभर, रातभर तसंच उघडं ठेवायचा. मंग कंदील सोडायचा. कंदील जळला तरच मानूस उतरायचा. मला ठावं हुतं, बाई. शिळा काढून घटकाभर येळ झाला नव्हता आन् सून दोरी बांधाया लागली. माझ्या व्हटावर आलं, उतरू नगं. पन चाळिसावा दिस हुता. एकच दिस ऱ्हायला हुता."

"मग?"

"मंग मी तोंडावर पदर धरला."

सून उतरली, थोडं बोलली आणि बोलणं थांबलं. ताई कमरेला काही न बांधता शिडीने मागे उतरली. तिने सुनेची अडकलेली दोरी मोकळी केली आणि सुनेला वर ओढायला सांगितलं, तोवर ती स्वतः पडली. म्हातारी टेम्पोत का चढली नाही, तेही तिने सांगितलं. "शुद्धीवर आली आन् इचारलं, आत्याबाई तुमी का न्हाई बोलला, तर काय सांगू?"

मी जबाब लिहिला, अंगठा घेतला. साहेबांना वाचून दाखवला. त्यांनी पुरावा मागितला. आम्ही ताईच्या घरी परत गेलो आणि भिंतीवरची, नेमाचे दिवस मोजलेली दिनदर्शिका पंचांसमक्ष जप्त केली. त्यावर पेनाने रोज एक फुली आणि शेजारी नेमाच्या दिवसाचा आकडा होता. अकराव्या फुलीवर आडवी रेघ आणि पुढे पुन्हा एक. तेविसाव्या फुलीवर रेघ, पुन्हा एक. शेवटची ओळ चाळीसवर थांबली होती. गुरुजींना विचारलं तर ते डोक्याला हात लावून म्हणाले, "मी मनातली भीती काढा म्हणालो होतो हो. दिवस मोजायची अट बायांनीच घातली. मला वाटलं, चांगलं आहे, एकमेकींना धरून आहेत." ते खोटं बोलत नव्हते. गुन्हा दाखल झाला नाही, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. फोन करणारा वस्तीवरचाच निघाला, त्याला बोलावून मी एवढंच विचारलं की नारळ दिसला तेव्हा पेवाजवळ जाऊन का बघितलं नाहीस. 

लोक मला विचारतात, हे सकारात्मक विचार वगैरे थोतांडच ना? मी नाही म्हणते. त्या बायांनी एका वर्षात जे उभं केलं ते त्यांच्या नवऱ्यांनी दहा वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला होता आणि अंग मोडून कामही केलं होतं. त्यांचं चुकलं ते एकाच ठिकाणी. सावध करणाऱ्या शब्दाला त्यांनी वाईट शब्दांत मोजलं. ज्या घरात, गटात किंवा ठाण्यात 'थांब' म्हणणाऱ्याला हसतात, तिथे एक दिवस सगळे गप्प बसतात. आमच्या ठाण्यातही तसं होतं. त्यानंतर माझ्या हाताखालच्या नव्या शिपायांना मी सांगत असे की मला नावडेल ते आधी बोला.

तो गट मोडला नाही. तीन महिन्यांनी त्यांनी पत्र्याची कोठी घेतली आणि पीठ पुन्हा सुरू केलं. नेम मात्र कुणी केला नाही. गुरुजींनी वर्ग बंद केला, तो त्यांचा निर्णय.

ताई पेवातच गेली होती. सून पाच दिवस बेशुद्ध होती, सहाव्या दिवशी डोळे उघडून पाणी मागितलं. ती जगली.