ठेवायला दिलेलं सामान

माझं तोंड फटकळ. लहानपणापासून सगळे हेच सांगत आले आणि मीही ते दागिन्यासारखं मिरवत आले. मनात एक आणि ओठावर दुसरं, हे आपल्याला जमत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणायची. त्याच तोंडाने एकदा जे केलं ते सांगायचं, तर आधी आमचं साताऱ्याचं घर कसं सुटलं ते सांगायला हवं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. साताऱ्यात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, पुढे पडवी, मागे न्हाणी. मी, हे, आमची चार वर्षांची लेक आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मामंजी पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. थोरले दीर पाटणच्या बाजूला गावी शेती बघायचे आणि मामंजी धाकट्याकडे, आमच्याकडे राहायचे. ह्यांना कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम मिळालं. मालकाने मागच्या बाजूला कामगारांसाठी खोल्या बांधायला घेतल्या होत्या, दोन महिन्यांत चावी देतो म्हणाला. इकडे आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं, त्याला आमच्या खोल्या चैत्र संपायच्या आत हव्या होत्या. म्हणजे एक घर सुटलेलं आणि दुसऱ्यावर अजून छप्पर नाही. मधले दोन महिने सांगलीला माझ्या मावशीच्या मागच्या खोलीत काढायचं ठरलं.

ती खोली दहा बाय दहाची. त्यातही मावशीच्या गव्हाच्या दोन कोठ्या आधीच मांडी घालून बसलेल्या. तेव्हा निम्म्याहून जास्त सामान कमी करणं भाग होतं, आणि त्या कामाची सूत्रं मामंजींनी हातात घेतली. जन्मभर बिस्तरा बांधण्यात आणि सोडण्यात गेलेला माणूस. पडवीत स्टूल टाकून बसले आणि मी एकेक वस्तू त्यांच्यापुढे आणून दाखवायची.

"गेल्या साली कवा हात लावला हुता ह्याला?" हा त्यांचा एकच प्रश्न.

मी धडधडीत खोटं बोलायची. पण चकलीच्या सोऱ्याला काय सांगणार?

"दिवाळीला," मी म्हणाले.

"दिवाळीला अजून सा म्हैनं हायती. तवर आपुन नव्या घरात. ऱ्हाऊ द्या."

"मामंजी, तो माझ्या आईने दिलाय."

"आईनं दिला म्हनून काय फालतू सामान वाहायचं व्हय, सूनबाई?"

मी सोऱ्या आपटून ठेवला आणि दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. ते मात्र शांत. शिट्टी वाजवत दोऱ्या वळत बसलेले. त्या शिट्टीचाही मला राग यायचा.

जे सांगलीला नेता येत नव्हतं ते शेजारीपाजारी ठेवायला दिलं. लोखंडी खाट समोरच्या मास्तरांकडे गेली. पितळी बंब शेजारच्या भाभींकडे. भाभींच्या घरी शिलाईचं काम चालायचं, आमची भिंत एकच होती आणि ईदेचा शिरखुर्मा नि आमच्या पुरणपोळ्या त्या भिंतीवरून इकडून तिकडे जायच्या. आता आमच्याकडे अशी रीत आहे, की कुणाकडे वस्तू ठेवायला द्यायची तर "वापरत राहा हं" असं म्हणून द्यायची. नुसतं "ठेवा" म्हटलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. समोरच्याचं घर म्हणजे काय गोदाम आहे का, असं. मी तर त्याच्याही पुढे गेले. "बंब पडून राहिला तर गळायला लागेल भाभी, रोज पेटवा. मला उलट बरंच आहे." मास्तरीणबाईंनाही असंच काहीतरी गोड बोलले. फटकळ माणसाला मधूनच असं गोड बोलायची हौस येते आणि ती महागात पडते.

सांगलीला आलो. पहिले दोन दिवस सहलीला आल्यासारखं वाटलं. चार ताटं, दोन पातेली, एक तवा, एक स्टोव्ह. घासायला काही नाही, आवरायला काही नाही. मग कळायला लागलं, की सामान कमी झालं तरी माणसं तेवढीच आहेत. मामंजींचं अंथरूण दाराशी पडायचं. कुणाला बाहेर जायचं तर ते ओलांडून जावं लागायचं, म्हणून ते पहाटेच उठून ते गुंडाळायचे आणि दिवसभर खोलीत फिरकायचे नाहीत. नदीवर जायचे, घाटावर बसायचे, जेवायला यायचे. मला ते दिसायचं. दिसूनही माझ्या कपाळावरची आठी जात नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी स्टोव्ह भडकला, तो विझवायला धावले तर पायात लेक आली आणि दुधाचं पातेलं कलंडलं. सगळ्या खोलीभर दूध. मावशी फडकं घेऊन आली आणि मी तिच्यापाशी तोंड सोडलं. "इथे आम्हा तिघांना पाय पसरायला जागा नाही, त्यात म्हाताऱ्याचं आणखी एक अंथरूण. गावाला एवढं मोठं घर पडलंय, तिथे नाही का जाता येत? आम्हीच काय मक्ता घेतलाय?"

मावशीने डोळ्यांनी दाराकडे खूण केली. मामंजी बाहेर पायरीवर बसून लेकीच्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होते. ते घाटावर गेले असतील असं मी धरून चालले होते. ते आत आले, चप्पल खाली ठेवली. "घट्ट बसलाय आता, निघायचा न्हाई," म्हणाले आणि परत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला आणि कप विसळून ठेवला. "सूनबाई, चार दिस थोरल्याकडं जाऊन येतो. मशागतीचं दिस हायती, तेवढाच हातभार."

"आता कशाला? उन्हाचं," मी म्हणाले. एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित राहिले असते. पण खरं सांगते, मला मोकळं वाटलं होतं. हे त्यांना सायकलवरून स्टँडवर सोडून आले. त्या संध्याकाळी मी दारातली जागा पुसून काढली आणि तिथे भाजीची टोपली ठेवली.

पुढच्या आठवड्यात गोधड्यांचं गाठोडं सोडलं, तर त्यात घोंगडीच्या घडीत गुंडाळलेला सोऱ्या निघाला. वळलेल्या दोरीने बांधलेला, आतल्या चकत्या वेगळ्या पुडीत. मी तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. 

चार दिवसांचे दोन महिने झाले. मालकाच्या खोल्यांचं छप्पर काही येईना. हे रोज सायकलने कुपवाडला जायचे आणि रोज येऊन तेच सांगायचे, "पुढच्या पंधरवड्यात नक्की." पाऊस आला, पाऊस गेला, गणपती आले नि गेले. दुसऱ्याच्या घरात राहणं म्हणजे कितीही प्रेमाची मावशी असली तरी पाहुणपण संपत नाही आणि घरपण येत नाही. भिंतीत खिळा ठोकायचा तर विचारावं लागतं. लेक खेळताना "आमच्या घरी" म्हणायची आणि मग थांबून मला विचारायची, "आई, म्हणजे कुठं गं?" मी सांगायची, होतंय बाळा, छप्पर आलं की झालं.

या सगळ्या काळात मला एकच प्रश्न कुरतडत होता. मामंजी माझ्या बोलण्यामुळे गेले का? त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं? कधी वाटायचं, नसेलच ऐकलं, वय झालंय, कान पूर्वीसारखे राहिले नाहीत. कधी वाटायचं, ऐकलंच. दिवाळीत हे त्यांना भेटून आले. मी गेले नाही. मावशीला बरं नाही, हे कारण सांगितलं. खरं कारण, तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बरे आहेत. खोलीचं काही विचारलं नाही त्यांनी," हे म्हणाले.

ते मला सगळ्यात जास्त लागलं.

संक्रांत झाल्यावर एकदाची चावी मिळाली. दोन खोल्या, कोबा केलेली जमीन, मागे नळ. ह्यांना रजा नव्हती. "तूच जा साताऱ्याला, सामान बघ. आणि परत येताना पाटणवरून आबांना घेऊन ये," हे म्हणाले. आबा म्हणजे मामंजी. खाट, बंब आणि आबा, एका दमात. मी लेकीला घेऊन निघाले.

साताऱ्यात आधी भाभींकडे गेले. न्हाणीतून धूर येत होता. भाभींची लेक बाळंतपणाला आलेली, बाराच दिवसांचं बाळ, आणि आमचा बंब दिवसरात्र पेटलेला. चिंचेने घासून लख्ख केलेला, नवी तोटी बसवलेली. "अच्छा झाला तू आली. ले जा, तेरी अमानत है," भाभी म्हणाल्या, पण म्हणताना त्यांचं लक्ष बाळाच्या अंघोळीच्या पाण्याकडे होतं. मी म्हणाले, "राहू द्या भाभी, आम्हाला तिकडे स्टोव्ह पुरतो." समोर मास्तरांकडे गेले, तर मास्तरीणबाई न्हाणीत घसरून पडल्या होत्या आणि दीड महिना त्याच खाटेवर होत्या. "खाटेसाठी आलात ना?" त्यांनी उठायचा प्रयत्न करत विचारलं. "छे, तुम्हाला बघायला आले," मी म्हणाले. दोन्हीकडे पोटभर जेवले आणि हात हलवत स्टँडवर आले. लेकीने विचारलं, आपली खाट कुठाय? मी तिच्यावर खेकसले. राग माझा मलाच आला होता. वापरा म्हणून सांगणारी मी आणि आता वापरलं म्हणून कुरकुरणारीही मीच.

मात्र एक मनाशी पक्कं होतं. वस्तू राहिल्या तर राहिल्या, मामंजींना घेतल्याशिवाय सांगलीला जायचं नाही.

गावी पोचले तेव्हा मामंजी घरी नव्हते. दोन्ही नातींना शाळेतून आणायला गेले होते. मधे ओढा आहे, पलीकडे शाळा. जाऊबाई दिवसभर रानात, म्हणून ने-आण मामंजींकडे. मी ओसरीवर टेकले. खुंट्यांवर त्यांचे सदरे टांगलेले, कोनाड्यात दाढीचं सामान, आरसा. त्यांची काळी ट्रंक कोपऱ्यात उघडी होती आणि तिच्यात भुईमुगाचं बी भरलेलं होतं. आमच्याकडे सहा वर्षं राहिले, पण त्यांचे कपडे कायम त्या ट्रंकेत. मी कधी म्हणालेही नव्हते, की मामंजी, भिंतीला खुंटी मारून घ्या.

ते आले. लेक त्यांच्या गळ्यात पडली. चहा झाला, मी विषय काढला. दोन खोल्या आहेत, पुढची तुमची, हे आणि ते. ते हसून ऐकत होते.

"ऱ्हाऊ दे पोरी. हितं ह्या दोघींचं कोन बघनार? येतो की सणावाराला."

मला राहवलं नाही. "मामंजी, त्या दिवशी दूध सांडलं तेव्हा मी बोलले, ते तुम्ही ऐकलंत. म्हणून गेलात ना तुम्ही?"

"काय बोलली हुतीस?" त्यांनी विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "आगं खुळे, सातारा सोडायच्या आधीच मी थोरल्याला पत्र टाकलं हुतं, मी येतोय म्हनून. तुज्या बोलन्याचा काय समंध? उगा मनाला लावून घिऊ नगंस."

माझे डोळे भरून आले. नऊ महिन्यांचं ओझं खाली ठेवल्यासारखं झालं. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले.

सकाळी जाऊबाई मला फाट्यावर गाडीत बसवायला आल्या. मामंजी पोरींना घेऊन शाळेच्या वाटेला लागले होते. लांबून त्यांनी हात वर केला. मी मोकळ्या मनाने जाऊबाईंना म्हणाले, "बरं झालं मामंजींनी आधी पत्र पाठवलं होतं. नाहीतर ऐन कामात तुमची धांदल झाली असती."

"पत्र? कसलं पत्र?" जाऊबाई म्हणाल्या. "आगं, आमी दुपारचं भाकरी खात हुतो, आन् मामंजी दारात उभं. डोक्यावर ट्रंक. गाडीतनं हितं उतरलं आन् उन्हाचं चालत आलं, पाय ह्ये एवढं सुजल्यालं. आन् आत न्हाई आलं गं. उंबऱ्याभाईर उभं ऱ्हाऊन ह्यास्नी इचारलं, जागा हाय का रं म्हनून. सोताच्या घरात. ह्ये रडलं तवा."

 पोरींची दप्तरं खांद्याला लावून मामंजी ओढ्याच्या उतारावर दिसेनासे होत होते. पळत जाऊन त्यांना गाठावं, पाय धरावेत, असं वाटलं. पण मग त्यांनी माझ्यासाठी रचलेलं ते सगळं मोडलं असतं. समोरून गाडी येताना दिसली.

"पाठवलं असेल हो त्यांनी," मी म्हणाले. "पोस्टात कुठेतरी गहाळ झालं असेल."

"आसंल," जाऊबाई म्हणाल्या आणि लेकीला उचलून गाडीत चढवलं.