गाडीतला माशाचा वास

"वास येतोय," सासरे म्हणाले.

"कसला?" मी विचारलं.

"तुला ठाऊक आहे कसला."

पावसाचे दिवस होते. काचा वर, एसी चालू, आणि मी त्यांना गुडघ्याच्या व्यायामासाठी मारुती मंदिराजवळच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेत होते. ते पुढे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची नीट घडी घातली आणि नाकाला लावला. दवाखाना येईपर्यंत तो खाली घेतला नाही.

वास येत होता हे खरं. मलाही येत होता. कुबट, ओलसर, आणि त्याच्या मागे काहीतरी खारट, नासलेलं. पण "तुला ठाऊक आहे" याचा अर्थ मला पुरता कळला होता. मी त्यांच्या बाजूची काच खाली केली. पाऊस आत आला, त्यांची बाही भिजली. मी काच वर घेतली नाही.

माझं माहेर मिऱ्याचं. तिथे जेवणात मासे नसले तर माझी आई जेवायला वाढतानाच माफी मागते. सासर मांडवीचं आणि पक्कं शाकाहारी. लग्न आम्ही दोघांनी जमवलं, तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली होती: मासळी या फाटकातून आत यायची नाही. मी हो म्हटलं आणि ते पाळलं. रविवारी माहेरी जायचं, पोटभर खायचं, हात घासून धुवायचे आणि परत यायचं. तरीही मी आले की सासूबाई माझी ओढणी सगळ्यांच्या कपड्यांपासून लांब, दोरीच्या टोकाला टाकायच्या. त्या तोंडाने काही बोलत नसत. बोलायचं काम सासऱ्यांकडे होतं.

नवरा मुंबईत नोकरीला. मी पालीला बँकेत. गाडी घेतली ती माझ्या पालीच्या जाण्यायेण्यासाठी, आणि तो आला नसेल तेव्हा ती चालवणारी घरात मी एकटीच. त्यामुळे गाडीत जे काही बिघडे, ते माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तर सासऱ्यांनी सगळ्या सीटवर गोमूत्र शिंपडून ठेवलं होतं. कापडावर डाग पडले होते. आरशाला कापराची पुरचुंडी बांधली होती. आता गाडीत तिन्ही वास एकत्र झाले. पालीच्या वाटेवरच्या हातखंब्यापर्यंत पोहोचेतो माझं डोकं ठणकायला लागलं.

पुढच्या आठवड्यात ते फाटकाशी उभे राहिले.

"डब्यात काय आहे?"

"भेंडी."

"उघड."

मी डबा उघडला. त्यांनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि बाजूला झाले. त्यांनी पाहिलं त्यापेक्षा मी तो डबा उघडला, याचा मला आजही जास्त संताप येतो.

मग त्यांच्या पुतणीचा साखरपुडा झाला. कार्यालयाच्या पायऱ्यांवर सगळे नातेवाईक निरोप घेत उभे होते, आणि सासऱ्यांच्या बहिणीला आमच्याबरोबर मांडवीपर्यंत यायचं होतं. सासरे तिला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ये, पण पदर नाकाला लावून बस. आमच्या सूनबाईंनी गाडीचा मासळी बाजार केलाय."

लोक हसले. काही जण तर माझ्याकडे बघून हसले, जणू ही माझ्या कौतुकाचीच गोष्ट होती. आत्या खरोखर पदर लावून बसल्या. मी गाडी चालवली. त्यांना घरी सोडल्यावर मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, मी या गाडीतून आजवर मासे आणलेले नाहीत."

"मग वास काय आकाशातून पडला?"

"मी शोधून काढते. आणि सापडलं की तुम्ही आत्यांना आणि त्या सगळ्यांना सांगायचं."

"शोध," ते म्हणाले. "मी नाही म्हटलंय का?"

सर्व्हिस सेंटरमध्ये गणपतीआधीची गर्दी होती. फोनवरचा माणूस म्हणाला, गणपती झाल्यावर या, तोवर काचा उघड्या ठेवून वापरा. पालीच्या रस्त्याला काचा उघड्या ठेवायचं म्हणजे काय ते त्याला माहीत नसावं. चौपदरीकरणासाठी डोंगर कापलेले, पाऊस उघडला की ट्रकमागे तांबडी धूळ, आणि पाऊस असला की तोच तांबडा चिखल काचेवर. वाट बघायची माझी तयारी नव्हती. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक मी पहिल्यांदाच उघडलं. एसीतून वास येत असेल तर केबिनचा फिल्टर बघा, तो डाव्या बाजूच्या खणाच्या मागे असतो, असं त्यात होतं. म्हणजे जिथे सासरे बसत, बरोबर त्यांच्या गुडघ्यांसमोर. मोबाइलवर एका मुलाचा व्हिडिओ पाहिला. हत्यार काही लागणार नव्हतं.

रविवारी मी माहेरी गेले नाही. सकाळी शेडमध्ये गाडीचं दार उघडून, खाली गोणपाट घालून गुडघ्यांवर बसले. खणातले कागद, जुनी बिलं, सासऱ्यांच्या खोकल्याच्या गोळ्या बाहेर काढल्या. खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो अडकणीतून सुटून खाली लोंबतो, असं त्या मुलाने दाखवलं होतं. त्याचा सुटला, माझा सुटेना. मी जोर लावला, नख मोडलं, आणि मग तो एकदम निसटून माझ्या मांडीवर आदळला.

त्या आवाजाने सासरे चहाचा कप घेऊन बाहेर आले. "मोडलीस का?"

मी खण बाजूला सारला. मागे एक लांबट झाकण होतं. त्याच्या खिट्ट्या दाबल्या, झाकण काढलं, आणि वासाचा असा भपकारा आला की मी तोंड फिरवलं. सासऱ्यांनी कप शेडच्या कठड्यावर ठेवला, पण ते हलले नाहीत. त्यांना बघायचं होतं.

फिल्टर ओढला तर येईना, फुगून बसला होता. दोन्ही हातांनी धरून ओढला तेव्हा त्याच्याबरोबर सगळंच खाली आलं. नारळाचा काथ्या, कुरतडलेलं फडकं, आंब्याची सुकी पानं, उंदराच्या लेंड्या. उंदराने फिल्टरवर घरटं केलं होतं. फिल्टरच्या पांढऱ्या घड्या एका बाजूला तांबड्या मातीने भरल्या होत्या, दुसऱ्या बाजूला मुतून पिवळ्या झाल्या होत्या. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. मी वर पाहिलं आणि म्हटलं, "बघा. उंदीर आहे."

"आणि ते काय आहे?" सासरे म्हणाले.

त्यांनी काठीच्या टोकाने काथ्याचा गोळा उलटवला. आत सुक्या बांगड्याची शेपटी होती. तिच्या खाली आणखी एक, आणि एक अर्धवट खाल्लेलं डोकं. पावसाळी हवेने सगळं ओलं होऊन बुळबुळीत झालं होतं.

"मासेच होते," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी."

"उंदराने आणलेत, बाबा."

"वास कसला, एवढंच मी म्हटलं होतं. माशाचा होता की नाही?"

"तुम्ही मासळी बाजार म्हणालात. माझ्या नावाने."

"नाक माझं खोटं नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी विसरलेले नाही. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडीत खाऊन चुरा सांडला की उंदीर येणारच." मी गाडीत कधी बिस्किटसुद्धा खाल्लं नव्हतं.

बांगडे कुठून आले ते उघड होतं. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडचं बिऱ्हाड उन्हाळाभर गच्चीवर मासे वाळवतं. सासरे त्या बाजूच्या खिडक्या मे महिना संपेपर्यंत उघडत नाहीत. आता त्यांना कारण मिळालं. ते काठी टेकत गडग्यापाशी गेले आणि शेजारच्या बाईंना हाक मारली. त्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या.

"तुमची घाण आमच्या गाडीत निघाली आहे! येऊन बघा!"

"कसली घाण?"

"सुके मासे! तुमचेच!"

"माझ्या बांगड्यांना काय पाय फुटले, भाऊ? चालत आले ते तुमच्या गाडीत?"

"उंदरांनी आणले!"

"मग उंदीर कुणाचे?" बाईंनी आमच्या शेडमागे हात केला. तिथे सासऱ्यांनी साठवलेला, नारळ सोलून उरलेल्या सोडणांचा ढीग होता, पत्र्याला टेकलेला. बंब पेटवायला लागतात म्हणून ते कुणाला हात लावू देत नसत, आणि बंब तर आमच्याकडे केव्हाच बंद झाला होता. "त्या सोडणांत उंदरांचं गाव वसलंय. माझे मासे चोरतात आणि तुमच्याकडे नांदतात. मीच सांगणार होते तुम्हाला, नुकसानी माझी झाली आहे!"

सासरे लाल झाले. "शाकाहारी माणसाच्या दारात राहून..."

"सून तर खाते की तुमची! तिला विचारा, ताजा बांगडा चांगला की सुका."

दोघंही माझ्याकडे वळले. माझ्या हातात तो घाणेरडा फिल्टर होता. बाईंचा मला राग नव्हता, पण त्यांच्या भांडणात त्यांनी मला दगडासारखं उचलून फेकलं होतं, जसं सासरे आठवडेच्या आठवडे करत होते. मी म्हटलं, "ताजा चांगला. आणि बाबा, सोडणं आजच्या आज जाळा, नाहीतर मी पालिकेच्या गाडीत देईन."

मी फिल्टर पिशवीत बांधून टाकला. हातमोजे घालून आतली सगळी पोकळी पुसून काढली, जंतुनाशकाने परत पुसली. सोमवारी बँकेतून येताना स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा फिल्टर आणला. त्याच्या कडेला बाण असतो, हवा ज्या दिशेने जाते तिकडे तो असावा लागतो. मी घाईत उलटा घातला, पुन्हा काढला, सरळ घातला, झाकण लावलं, खण अडकवला. आणखी काही दिवसांनी वास गेला. सोडणांचा ढीग मात्र तिथेच राहिला, आणि मग एका सकाळी मी खरंच पालिकेची गाडी बोलावून तो देऊन टाकला. सासरे त्या दिवशी माझ्या हातचं जेवले नाहीत.

मी वाट बघत होते ती वेगळ्या गोष्टीची. गणपतीत आत्या आल्या, पुतणी आली, साखरपुड्याला हसलेले निम्मे लोक आले. सासऱ्यांनी गाडीची गोष्ट सांगितली. उंदीर, घरटं, गडग्यावरचं भांडण, सगळं रंगवून. शेवटी म्हणाले, "पण वास मी पहिल्या दिवशीच ओळखला होता."

मी मोदकांचं ताट घेऊन उभी होते. म्हटलं, "आणि तो माझा आहे असंही ओळखलं होतं. तेवढं मागे घ्यायचं राहिलंय, बाबा."

कुणी हसलं नाही. आत्या म्हणाल्या, "अगो, सणाच्या दिवशी काय हे." सासऱ्यांनी मोदक घेतला आणि पुतणीला तिच्या नोकरीबद्दल विचारायला लागले. मला कळलं की हे कधीही होणार नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांचं वय झालंय, सोडून दे. आणि गुडघ्याला रिक्षाचे धक्के बसतात, तूच नेत जा." मी नेत राहिले. सासरे आता मागे बसायला लागले. बोलणं फक्त "चल" आणि "थांब" एवढंच.

असे काही आठवडे गेले. एकदा ते दवाखान्यात गेले आणि त्यांची छत्री गाडीत राहिली, म्हणून मी ती घेऊन आत गेले. काउंटरवरची मुलगी त्यांना विचारत होती, "आजोबा, बरोबर कोण आहे? व्यायाम घरी कसा करून घ्यायचा ते त्यांना दाखवते."

"कोणी नाही," ते म्हणाले. "ड्रायव्हर आहे बाहेर."

मी त्यांच्या मागेच उभी होते. छत्री काउंटरवर ठेवली. त्यांनी वळून पाहिलं, आणि ते ओशाळले नाहीत. मी मुलीला म्हटलं, "ड्रायव्हरने नोकरी सोडली. यांना रिक्षा बोलवून द्या."

मी गाडी काढली आणि भाट्याच्या पुलापलीकडे जाऊन उभी केली. नवऱ्याचा फोन येत राहिला. बऱ्याच वेळाने उचलला तेव्हा तो ओरडत होता, की म्हाताऱ्या माणसाला पावसात टाकून जाते कुणी. मी म्हटलं, छत्री दिली होती.

त्यानंतर ते रिक्षानेच जातात. सासूबाई दारापर्यंत त्यांना धरून नेतात आणि जाताना माझ्या खिडकीकडे बघतात. मी त्या वेळी घरात असले तर खिडकीतून बाजूला होत नाही.