खंडेनवमीला झोपवलेला डबा

माझा फोटो स्टुडिओ औरंगपुऱ्यात आहे आणि माझं डोकं लवकर तापतं. या दोन्ही गोष्टी मला वडिलांकडून मिळाल्या. तिसरी रीतही त्यांचीच. खंडेनवमीला दुकानातल्या एकूण एक हत्याराची पूजा करायची आणि दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्याला राबवायचं नाही. त्यांच्या वेळी दोन कॅमेरे, एक फ्लॅश आणि फोटो कापायची कात्री एवढाच पसारा होता. आता कॅमेरे चार, कॉम्प्युटर तीन, आणि तो डबा.

डबा म्हणजे नॅस. आत दोन हार्डडिस्क, राउटरला वायर जोडलेली. दुकानातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा आणि त्यातले फोटो उघडा. एका डिस्कवर जे जाईल ते आपोआप दुसरीवरही उतरतं. म्हणून मी चार वर्षं छाती फुगवून सांगत फिरलो, की आपल्याकडं सगळ्याच्या दोन कॉप्या असतात! कॅमेऱ्याची कार्डं पुसायची आणि पुढच्या लग्नाला न्यायची. अल्बमचं डिझाइन बायको करते. ती म्हणायची, "अहो, एक कॉपी घरी, पुंडलिकनगरला ठेवू या." मी म्हणायचो, "तू तुझं डिझाइन बघ."

त्या मे महिन्यात शेंद्र्याच्या पलीकडं, मेंढरं राखणाऱ्या एका घरातलं लग्न केलं होतं. मुलीचा बाप मला आठवत होता तो फक्त पाठमोरा. टँकर आला का, पंगत बसली का, सारखा पळतच होता. नंतर पेरणी आली, पाऊस आला, फोटो निवडायला कुणी फिरकलंच नाही. दसऱ्याच्या आठवडाभर आधी मुलीच्या वडिलांचा फोन आला.

"भाऊ, लग्नात मला पोरीकडं बघायला सवडच घावली नाय बघा. अक्षता पडल्या तवा मी आचाऱ्यापाशी होतो. तांदूळ कमी पडला म्हणून त्यो बोंबलत व्हता. आता दसरा झाला की मेंढरं घेऊन आम्ही हालणार, ते पावसाच्या तोंडालाच माघारी. त्याच्या आत एकदा मला माझ्या पोरीचं लग्न दावा."

मी म्हणालो, "काका, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या. मोठ्या स्क्रीनवर दाखवतो, काळजीच करू नका."

आणि डब्यावर महिनाभरापासून लाल दिवा लुकलुकत होता. एक डिस्क गेली होती. दिसत होतं, पण आज बघू, उद्या बघू. शेवटी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी नवी डिस्क आणून बसवली. डबा जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवायला लागला. सकाळी पूजेच्या वेळेला काम अर्ध्यावर आलं होतं.

आधीच्या वर्षांत डबा कपाटामागं असायचा, त्यामुळं पूजेतनं सुटायचा. या वेळी डिस्क बदलायला टेबलावर काढलेला, डोळ्यांसमोर. बायको म्हणाली, "त्याला चालू राहू द्या, कॉपी होतंय. वरनंच कुंकू लावा."

झालं, माझं डोकं फिरलं. "चार वर्षं बिचारा दिवसरात्र राबतोय. एक दिवस तरी झोपू दे की त्याला!" म्हटलं आणि प्लग उपसला. हळदी-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, हात जोडले. वडिलांना बरं वाटलं असतं असंही मनात आलं.

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं. आतनं टक्, टक्, टक् असा आवाज आला आणि दोन्ही दिवे लाल झाले. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

शेजारच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माझा दोस्त आहे. सण असूनही तो आला. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, डब्याला कान लावला आणि माझ्याकडं बघितलं.

"मियाँ, इसकू बंद कायकू किए?"

"पूजा थी."

"पुरानी डिस्क है. चल रही थी तो चल रही थी. बूढ़ा आदमी बैठ गया तो उठता क्या?" नव्या डिस्कवर उतरलेलं अर्धवट होतं, उघडतच नव्हतं. तो जुनी डिस्क घेऊन गेला. "कोशिश करता. वादा नहीं."

तो गेल्यावर मी बायकोवरच ओरडलो, "तू जोरात सांगायला पाहिजे होतंस!"

ती शांतपणे म्हणाली, "अजून किती जोरात?"

मला माझीच लाज वाटली. त्या मुलीच्या बापाला काय तोंड दाखवणार होतो मी?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दोघं नवराबायको पायरीवर येऊन बसले होते. काकांनी धुतलेला सदरा घातलेला, मावशींच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. ती त्यांनी माझ्या बायकोच्या ओटीत ठेवली. मी चहा सांगितला आणि चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी, गेलं?" काका म्हणाले.

"अजून माहीत नाही. चूक माझीच आहे, काका."

चहा आला. त्यांनी आधी मावशींच्या हातात कप दिला. मग म्हणाले, "हत्याराची पूजाच केली न्हवं तुम्ही? त्यात काय पाप नाय." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मेंढरं भावाजवळ हायेत. आज थांबतो."

दुपारी दोस्त आला. जुनी डिस्क तीनएक तास चालली आणि कायमची बसली. तेवढ्यात जे निघालं ते त्यानं दुसऱ्या डिस्कवर भरून आणलं होतं. हळद सगळी गेली होती, वरातही गेली होती. लग्नाचे थोडे फोटो होते, त्यातलेही काही निम्मे राखाडी. तो गेल्यावर मी स्क्रीन लावली आणि आम्ही चौघं बसलो.

काका एकेका फोटोवर थांबायला लावत होते. मुंडावळ्या, हातावरची मेंदी, मामाचा हात. "लई छान दिसतीया," एवढंच म्हणायचे. मग अंतरपाटाचा फोटो आला. मुलीच्या हातात हार, आणि मान वळवून ती एकटीच उजवीकडं, मंडपाबाहेर बघत होती. मी घाईनं पुढं जायला लागलो. "हा नीट आला नाही, काका. लक्ष नव्हतं तिचं."

"थांबा. कुणाकडं बघतीया ती?"

मावशी स्क्रीनजवळ सरकल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हालाच हुडकीत व्हती. दोनदा मला इचारलं, आबा कुठं हायेत म्हणून. मी म्हणलं, येतेत."

काका उठले. खुर्ची उचलून त्यांनी स्क्रीनच्या उजव्या अंगाला, तिची नजर जात होती तिथं नेऊन ठेवली आणि बसले. तिथनं फोटो त्यांना धड दिसतही नव्हता.

"आलो गं माय," ते म्हणाले.